पन्हाळा ते पावनखिंड: ट्रेकमधून रिसर्चचा प्रश्न कसा काढायचा?



नेट-सेट झालं, पेटचा फॉर्म भरला, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण टॉपिकच सुचत नाही. अशा अवस्थेत तुम्ही असाल तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. टॉपिक लायब्ररीत बसून शोधावा लागतो असं आपण धरून चालतो. पण कोल्हापूरच्या पोराला तो दर जुलैमध्ये पायाखाली सापडू शकतो. कसा, ते आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती.

तुमच्यापैकी कितीतरी जण ही मोहीम करून आले असतील. पन्हाळ्यावरून सुरुवात, राजदिंडीने उतरायचं, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. मुक्काम. रात्री व्याख्यान. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, पाटेवाडी करत पांढरपाणी आणि शेवटी पावनखिंड. काही ग्रुप पुढे गजापूरमार्गे विशाळगडापर्यंत जातात. पन्नासेक किलोमीटरची चाल, वरून पाऊस, खाली चिखल आणि पुढे एक वाट दाखवणारा गाईड.

आता गंमत बघा. पीएच.डी.लाही गाईड असतो आणि ट्रेकलाही. पण दोघांचं काम उलटं आहे. ट्रेकचा गाईड तुम्हाला सांगतो, "हीच ती वाट." पीएच.डी.चा गाईड विचारतो, "हीच कशावरून?" या दोन वाक्यांमधलं अंतर ज्याला कळलं त्याला रिसर्च कळला. बाकीचा लेख म्हणजे या अंतराचंच स्पष्टीकरण आहे.

आधी घटना थोडक्यात

नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाच्या वधानंतर लगेचच शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० मध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. चार महिने वेढा हलला नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढ पौर्णिमेला, महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून निसटले आणि खेळणा म्हणजे आजच्या विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद यांनी महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवलं आणि प्राण दिले. सिद्दी मसूद पाठलागावर आला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल सेनेने वाट अडवून धरली. महाराज विशाळगडावर पोहोचले, बाजीप्रभू पडले आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली. पुढे सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी तो पुन्हा स्वराज्यात आणला.

हे सगळं तुम्हाला पाठ असेल. पण सिनॉप्सिसमध्ये हेच लिहिलंत तर समोरचे सर एकच विचारतील: "बरं, मग यात तुमचा प्रश्न काय?"

पायरी १: ऐकलेलं वाक्य कोणत्या थरातलं?

ट्रेकवर दोन दिवसांत तुम्ही शंभर वाक्यं ऐकता. ती सगळी एकाच वजनाची नसतात. माझ्या वहीत मी त्यांचे तीन थर करतो.

पहिला थर: त्या काळातली किंवा त्या काळाच्या अगदी जवळची साधनं. कवींद्र परमानंदाचं संस्कृत शिवभारत, जेधे घराण्याची शकावली, राजापूरच्या इंग्रज वखारीची पत्रं, आदिलशाही कागद. यातलं प्रत्येक साधन कुणाच्या तरी बाजूने बोलतं हे लक्षात ठेवा. परमानंद दरबाराचा कवी. शकावलीत तिथीवार त्रोटक नोंदी आहेत, पण त्या एका घराण्याने जपलेल्या. आणि इंग्रज तर या वेढ्यात तटस्थ नव्हतेच. राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन पन्हाळ्याखाली येऊन सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत करत होता. त्याची किंमत इंग्रजांनी पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, महाराजांनी राजापूर लुटलं तेव्हा मोजली.

दुसरा थर: नंतरच्या आठवणी. सभासदाची बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांहून जास्त काळाने. त्यानंतरच्या बखरी अजून लांबच्या. गावोगावच्या दंतकथा, पोवाडे, "इथं महाराजांनी पाणी प्यायलं" अशा जागा, सगळ्या याच थरात.

तिसरा थर: आपल्या काळाने घातलेली भर. श्री अरविंदांनी बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली ती १९१० च्या सुमाराला. पन्हाळ्यावरचा बाजीप्रभूंचा पुतळा आधुनिक. 'पावनखिंड' सिनेमा २०२२ चा. आणि मोहिमेचे मुक्कामसुद्धा याच थरातले! करपेवाडीत मुक्काम का? कारण तिथे दिवस मावळतो, शाळा किंवा मोकळी जागा मिळते, गावकरी जेवण रांधून देतात. १६६० शी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा आणि तिसरा थर खोटा, असं मी म्हणत नाही हां. हे लक्षात घ्या, कारण नवशिका संशोधक इथेच घसरतो. एक तर सगळं खरं मानतो, नाहीतर "ही सगळी दंतकथा" म्हणून हात झटकतो. दोन्ही आळशीपणाच. दंतकथा १६६० चा पुरावा नसेल, पण ती जपणाऱ्या गावाचा पुरावा नक्कीच आहे. तुमचा प्रश्न कोणत्या थराबद्दल आहे तेवढं आधी ठरवा.

पायरी २: एक साधं वाक्य तपासून बघू

"१२ जुलै १६६०, आषाढ पौर्णिमेची रात्र." हे वाक्य प्रत्येक व्याख्यानात येतं. तपासता येईल का? येईल, आणि तेही घरबसल्या.

आकाश दाखवणारं स्टेलेरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा. तारीख टाका १२ जुलै १६६०. चंद्र बघा. पौर्णिमा दिसणार नाही! शुक्ल पक्षातल्या चतुर्थी-पंचमीच्या आसपासची कोर दिसेल, जी मध्यरात्रीच्या आधीच मावळते. झालं, आता कुणीतरी उत्साही पोरगा लगेच पोस्ट टाकणार, "इतिहासकारांनी तारीख चुकवली!"

थांबा जरा. चूक तारखेत नाही, आपल्या गृहीतकात आहे. शिवकाळाच्या इंग्रजी तारखा इतिहासकार सहसा ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे देतात, कारण त्या काळातले इंग्रज तेच वापरायचे. ब्रिटनने ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं १७५२ मध्ये. सतराव्या शतकात या दोन कॅलेंडरांत दहा दिवसांचा फरक होता. स्टेलेरियम मात्र १५८२ नंतरची प्रत्येक तारीख ग्रेगोरियन समजतं. म्हणजे तुम्हाला टाकायला हवी २२ जुलै १६६०. टाकून बघा. पूर्ण चंद्र.

याचा अर्थ काय निघतो? मूळ नोंद तिथीची, तिचं रूपांतर ज्युलियन तारखेत, आणि खगोलगणित एवढंच दाखवतं की हे रूपांतर बरोबर झालंय. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही अशीच ज्युलियन आहे. ग्रेगोरियनमध्ये ती १ मार्च होते.

आता पुढचा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडायला हवा. मोहिमा निघतात १२-१३ जुलैच्या आसपास. तिथीने जाणारे आषाढ पौर्णिमा धरतात, ती २०२३ ला ३ जुलै, २०२४ ला २१ जुलै आणि २०२५ ला १० जुलैला आली. आणि ऋतूच्या हिशोबाने खरा दिवस २२-२३ जुलै. एकाच घटनेचे तीन वर्धापनदिन! तुम्ही भूगोलाचे विद्यार्थी असाल आणि "त्या रात्री पाऊस-पाण्याची परिस्थिती साधारण कशी असेल" हे आजच्या नोंदींवरून ताडणार असाल, तर कोणत्या तारखेच्या नोंदी घ्याल? १२ जुलैच्या घेतल्या तर दहा दिवस चुकलात. पावसाळ्यात दहा दिवसांनी ओढ्याचं रूप बदलतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

पायरी ३: वाट तपासायची कशी?

आता जरा अवघड वाक्य घेऊ. "महाराज याच वाटेने गेले."

इथे जीआयएसवाले मित्र लगेच म्हणतील, लीस्ट कॉस्ट पाथ काढूया. म्हणजे दोन ठिकाणांमध्ये कमीत कमी कष्टाची वाट संगणकाला शोधायला लावायची. कल्पना चांगली आहे, क्यूजीआयएसमध्ये फुकट करता येते. चालण्याच्या वेगासाठी वाल्डो टोबलरचं १९९३ चं सूत्र सर्रास वापरतात. त्यानुसार सपाट वाटेवर माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो, हलक्या उतारावर ६, आणि वाट नसेल तर वेगाला ०.६ ने गुणायचं, म्हणजे ताशी सुमारे ३.

पन्हाळा ते विशाळगड चालत ६० किलोमीटर धरू. मळलेल्या सपाट वाटेने १२ तास. वाट सोडून रानातून २० तास. परंपरा सांगते की रात्री निघाले आणि दुसऱ्या दिवशी पोहोचले. जुळलं की!

इथेच सावध व्हा. हिशोब जुळला की आपल्याला आनंद होतो आणि आनंदात आपण प्रश्न विचारायचे थांबतो. हे ६० मी धरले होते. ०.६ हा आकडा टोबलरचा, आपल्या जुलैच्या चिखलासाठी कुणी मोजलेला नाही. टोबलरच्या सूत्राचा पायाच मुळात स्विस नकाशातज्ज्ञ एडुआर्ड इमहोफच्या आकडेवारीत आहे. रात्र, पालखी, भोयांची अदलाबदल, चार महिने वेढ्यात काढलेली माणसं, यातलं काहीच सूत्रात नाही. तेव्हा या हिशोबाने सिद्ध काय झालं? एवढंच की असा प्रवास शक्य होता. तो झाला, हे सांगायला साधनं लागतात. तो याच पायवाटेने झाला, हे सांगायला आणखी बारीक साधनं लागतात. "शक्य", "संभाव्य" आणि "सिद्ध" हे तीन शब्द सिनॉप्सिसमध्ये एकमेकांच्या जागी वापरू नका. व्हायवात नेमकं तिथेच पकडतात.

अजून एक अडचण सांगतो. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात, एसआरटीएम घ्या किंवा भुवनवरचा कार्टोडेम, एक चौकट साधारण ३० मीटरची असते. त्या चौकटीत उंचीचा एकच आकडा. खिंडीचं सगळं महत्त्व तिच्या अरुंदपणात, आणि तीच जर ३० मीटरपेक्षा अरुंद असेल तर नकाशातून गायबच होते. जी जागा तीनशे मावळ्यांनी अडवली असं परंपरा सांगते, ती संगणकाला दिसतच नाही! म्हणून फिल्डवर जावंच लागतं, टेप घेऊन. ट्रेक हा रिसर्चला पर्याय नाही, पण अशा ठिकाणी तो रिसर्चची गरज बनतो.

जरा लांबचं उदाहरण: माचू पिचू

गाईडसोबत काही दिवस डोंगर तुडवत जुन्या अवशेषांपर्यंत जायचं, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे पेरू देशातला इंका ट्रेल. चार दिवस, साधारण ४२ किलोमीटर, शेवटी माचू पिचू. परवानाधारक गाईडशिवाय जाताच येत नाही, हमाल आणि गाईड धरून दिवसाला ५०० माणसांची मर्यादा, आणि फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद.

आपल्यासाठी महत्त्वाचं मात्र वेगळं आहे. १९११ मध्ये अमेरिकन अभ्यासक हायरम बिंगहॅम तिथे पोहोचला, तोही स्थानिक शेतकऱ्यांच्या मदतीने. तिथे तेव्हा शेती करणारी कुटुंबं राहत होती. बिंगहॅमने पुढे ठामपणे मांडलं की हेच इंकांचं शेवटचं आश्रयस्थान विल्काबांबा. प्रत्यक्षात आज विल्काबांबा म्हणून मान्य असलेली जागा एस्पिरितू पांपा, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी बिंगहॅम तिथेही जाऊन आला होता! जागा डोळ्यांनी बघितली, पायांनी तुडवली, तरी ओळखली नाही. "मी स्वतः जाऊन आलोय" हा पुरावा किती तोकडा असतो ते यावरून कळतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. स्पॅनिश काळातल्या लिखाणावरून माचू पिचू १४३८ नंतरचं मानलं जायचं. २०२१ मध्ये रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २६ माणसांच्या अवशेषांचं रेडिओकार्बन कालमापन प्रसिद्ध केलं. उत्तर आलं, साधारण १४२० पासून वस्ती. फरक वीसेक वर्षांचा, पण तो सापडला कारण त्यांनी लिखित साधनावर अवलंबून नसलेला दुसरा पुरावा शोधला. आपण वर चंद्राचं गणित केलं ते याहून हलकं काम, त्याने फक्त तारखेचं रूपांतर तपासलं.  दोन्ही वेळा ज्ञान वाढलंच.

पायरी ४: वाटेवरची माणसं

सगळ्यांनाच १६६० वर काम करायचं नसतं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, पर्यटनवाल्यांसाठी ही वाट म्हणजे खजिना आहे. ट्रेकच्या दिवसांत वाड्यांवरची चूल कोण पेटवतं? जेवणाचे पैसे कुणाच्या हातात जातात, बाईच्या की मंडळाच्या? मसाई पठारावर एका पावसाळ्यात इतके पाय पडल्यावर गवताचं काय होतं? पेरूत माणसांची मोजदाद परवान्यातच होते. इथे वेगवेगळ्या संस्था आपापली नोंदणी करतात, म्हणजे आकडे तुम्हालाच एकत्र करावे लागतील. हेच तुमचं योगदान ठरू शकतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले गेले. त्यात पन्हाळा आहे, विशाळगड नाही. म्हणजे वाटेचं एक टोक यादीत, दुसरं बाहेर. यादीत आल्याने पन्हाळ्यावर काय बदलतं आणि न आल्याने विशाळगडावर काय, याची तुलना करायला आजच्यासारखी वेळ नाही, कारण बदल अजून घडतोय.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. १४ जुलै २०२४ ला, म्हणजे याच मोहिमांच्या दिवसांत, विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं आणि गजापुरात मुस्लिम वस्तीतल्या घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. ज्या रस्त्याने आपण घोषणा देत जातो तिथे कुणाचं तरी घर आहे. या भागात भूतकाळाबद्दलचं एखादं सैल वाक्य कागदावर राहत नाही, ते कुणाच्या तरी दारावर जाऊन आदळू शकतं. म्हणून कोणत्या थरातलं वाक्य आहे हे नीट लिहिणं ही नुसती मार्कांची बाब नाही. मुलाखत घेताना संमती घ्या, नाव बदला, आणि छोट्या वाडीत नाव बदलूनही माणूस ओळखू येत असेल तर तो तपशील गाळा. आणि मोहिमेच्या गर्दीत मुलाखती घेऊ नका. पुन्हा एकदा जा, डिसेंबरात, गुपचूप एसटीने. जुलैत "लई भारी वाटतं" म्हणणारी मावशी डिसेंबरात चहा पाजून कचऱ्याबद्दल बोलेल.

आता तुमचा गृहपाठ

यंदा ट्रेकला गेलात की पाऊसरोधक पिशवीत एक छोटी वही ठेवा. ऐकलेली फक्त पाच वाक्यं लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने करा:

१. हे वाक्य कोणत्या थरातलं?
२. सांगणाऱ्याला ते कुठून कळलं? (विचारा, राग येणार नाही अशा बेताने.)
३. ते चुकीचं ठरवायचं असेल तर मला काय सापडावं लागेल?
४. ते सापडण्याची जागा कोणती: दप्तरखाना, आकाश, नकाशा की माणूस?

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो ज्या वाक्यापुढे कोरा राहील ते वाक्य श्रद्धेचं. त्याला नमस्कार करून पुढे चला, त्यावर प्रबंध होत नाही. ज्या वाक्यापुढे तो भरला आणि चौथ्या रकान्यातल्या जागी तुम्ही सहा महिन्यांत, तुमच्या फेलोशिपच्या पैशांत, खरंच पोहोचू शकता, तो तुमचा टॉपिक.

पाचातलं एक वाक्य जरी असं निघालं तरी पुष्कळ झालं. ते घेऊन गाईडसमोर बसा. ते विचारतील, "हीच कशावरून?" आणि या वेळी तुमच्याकडे वही असेल.